बोलोन्यात सिनेमा चुकवायला शिका

पहिल्यांदा इटलीतल्या बोलोन्याला, जुन्या सिनेमांच्या महोत्सवाला, गेले ती २०१९च्या जूनमध्ये. आठ दिवसांत एकेचाळीस सिनेमे पाहिले. हा आकडा पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला ऐकवत होते. जेवणं किती झाली असं कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब. पाचव्या दिवशी भर दुपारी थिएटरबाहेरच्या रांगेत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले, ती नेमकी एका डच आजोबांच्या बुटांवर. त्यांनी काही न बोलता खांद्यावरच्या पिशवीतून केळं काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

ज्या शहराला खुद्द इटालियन लोक ‘ला ग्रास्सा’, म्हणजे ‘गुबगुबीत’, म्हणतात, जिथे तालियातेल्ले या पास्त्याची पट्टी किती मिलिमीटर रुंद असावी याची नोंद व्यापार मंडळाच्या दप्तरात आहे, त्या शहरातून मी एका परक्या माणसाचं केळं खाऊन परत आले.

२०२५ला पुन्हा गेले, या वेळी थोरल्या बहिणीला घेऊन. ताई सोलापूरला असते. वय बासष्ट, शाकाहारी (“अंडं चालतं, पण आपल्या घरात नाही”), आणि जुना सिनेमा म्हटलं की तिला झोप येते. तिच्यामुळे माझे सव्वीसच सिनेमे झाले. ते सगळेच्या सगळे आज आठवतात. एकेचाळिसांतले मात्र धड पंधरा सांगता येणार नाहीत. तेव्हा खालचं सगळं माझ्यासारख्या हावरट लोकांसाठी आहे, ज्यांना सिनेमासाठी परदेशी जायचंय आणि ज्यांच्या लेखी जेवण म्हणजे मध्यंतर.

हा प्रकार काय आहे

‘इल चिनेमा रित्रोवातो’, म्हणजे ‘पुन्हा सापडलेला सिनेमा’. १९८६ साली सुरू झालेला, हल्ली जूनच्या शेवटी आठ-नऊ दिवस चालणारा महोत्सव. चिनेतेका दी बोलोन्या ही तिथली चित्रपट-संग्रहाची संस्था तो भरवते. इथे नवे सिनेमे दाखवायला कुणी येत नाही. कुठल्याशा तळघरात सापडलेली प्रत, नव्यानं दुरुस्त केलेला रंगपट, शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट आणि त्याच्यासोबत समोर बसून पियानो वाजवणारा माणूस, असा सगळा मामला. लाल गालिचा नाही. रांगेत तुमच्या पुढे उभा असलेला चुरगळलेल्या शर्टातला माणूस एखाद्या देशाच्या फिल्म संग्रहालयाचा प्रमुख असू शकतो. मागे मीही असते, पुण्यातल्या एका कॉलेजची ग्रंथपाल. रांग एकच.

आपल्या लोकांनी या शहराशी ओळख करून घ्यावी याला कारण आहे. इथल्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत चॅप्लिनचे सिनेमे दुरुस्त झाले, तसाच उदयशंकर यांचा १९४८चा ‘कल्पना’ही. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळल्या होत्या. त्यांच्यावरही इथल्याच लोकांनी फ्रेम-फ्रेम करून काम केलं. आणि २०२५ला तर ‘शोले’ होता. त्यावर पुढे येतेच.

कागदपत्रं, लवकर उरकू

व्हिसा शेंगेन. फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जून म्हणजे सगळ्या भारताची युरोपवारी, त्यामुळे मार्चमध्येच अपॉइंटमेंट पकडा. मुंबईहून बोलोन्याला थेट विमान नाही. दुबईमार्गे थेट बोलोन्यात उतरता येतं, किंवा मिलानला उतरून वेगवान रेल्वेनं तासाभरात पोचता येतं. विमानतळावरून स्टेशनपर्यंत ‘मार्कोनी एक्स्प्रेस’ नावाची मोनोरेल आहे, सात-आठ मिनिटांची. रेडिओवाला मार्कोनी इथलाच.

स्टेशनातून बाहेर पडताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघा. ते दहा पंचवीसला थांबलेलं आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी प्रतीक्षागृहात बॉम्बस्फोट झाला, ८५ माणसं गेली, त्या वेळेवर काटे ठेवलेत. ताईनं सामान खाली ठेवलं आणि तिथेच हात जोडले.

खोली जुन्या तटबंदीच्या जागी आता जो रिंगरोड आहे त्याच्या आतच घ्या. मग महोत्सवभर बस-टॅक्सी लागत नाही. दोन गोष्टींवर तडजोड नको: छोटं स्वयंपाकघर आणि एसी. जूनच्या शेवटी इथे आपल्या एप्रिलसारखं तापतं, आणि विटांच्या भिंती रात्रभर ती ऊब परत देत राहतात. दिवसा मात्र चालणं सोसवतं, कारण शहरभर पोर्टिको आहेत, म्हणजे इमारतींच्या खालून जाणारे कमानदार व्हरांडे. सगळे धरून ६२ किलोमीटर. २०२१ला युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हटलं. मला ते आपल्या फोर्टमधल्या कमानींचे थोरले चुलते वाटले. छत्री न उघडता आणि टाळू न तापवता थिएटर ते थिएटर जाता येतं.

लाल पेन

आता मुख्य मुद्दा. महोत्सवाचा पहिला खेळ सकाळी नऊच्या सुमाराला. मग अकराच्या आसपास दुसरा, अडीचच्या आसपास तिसरा, आणि असं करत रात्र. एकाच वेळी पाच-सहा पडद्यांवर काही ना काही चालू. बोलोन्यातली खानावळ दुपारी साडेबाराला उघडते आणि अडीचला चूल बंद करते. नंतर साडेसातशिवाय गरम जेवण नाही. मधल्या वेळात गेलात तर वेटर तुमच्याकडे अशा नजरेनं बघतो की जणू तुम्ही सुतकात लाडू मागितलेत.

म्हणजे हिशेब बघा. अकराचा सिनेमा एकला सुटतो. अडीचच्यासाठी दोनला रांगेत उभं राहायचं. उरला एक तास, त्यात खानावळीबाहेर पंधरा-वीस मिनिटं वाट बघणं आलं. पहिल्या खेपेला मी रोज हा तास सँडविचवर काढत होते, तेही चालता चालता.

ताईनं दुसऱ्याच दिवशी वेळापत्रकाची ती चोपडी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, “यातला एक काट.”

“कुठला?”

“ते मला काय माहीत? पण आत्ता काट. भूक लागल्यावर तुझ्यानं होणार नाही.”

तिचं बरोबर होतं. थिएटरच्या दाराशी पोचल्यावर कुठलाच सिनेमा सोडवत नाही. तेव्हा रोज सकाळी, चहाच्या वेळी, घरातून निघण्याआधी लाल पेननं एक सिनेमा काटायचा. मी काटायचे ते असे: ज्याची दुरुस्त प्रत यथावकाश डिस्कवर किंवा ओटीटीवर येणारच, तो जाऊ द्या. कितीही थोर असू दे. जो मी आधी चांगल्या पडद्यावर पाहिलाय, तोही जाऊ द्या. आठवणीत राहील. पण मूकपटाला प्रत्यक्ष वाजवणारे वादक असतील तर तो काटायचा नाही, कारण तो खेळ त्या रात्रीपुरताच असतो. जुन्या मूळ प्रिंटवरून दाखवत असतील तर नाही. आणि कार्बनच्या कांड्या जाळून चालणाऱ्या जुन्या प्रोजेक्टरवरचा तर मुळीच नाही.

पासवाल्यांना जागा ऑनलाइन राखून ठेवता येते. काटलेल्या सिनेमाची जागा सोडून द्यायला विसरू नका, बाहेर कुणीतरी तिच्यासाठी ताटकळत असतं.

शाकाहारी माणसानं काय विचारावं

मी सगळं खाते, त्यामुळे मला बोलोन्यात अडचण नव्हती. मोर्तादेल्ला हे डुकराच्या मांसाचं मोठ्या उशीएवढं गुलाबी सॉसेज, त्यात चरबीचे पांढरे चौकोन. कागदासारखी पातळ कापलेली मोर्तादेल्ला गरम पावात घालून सकाळी अकराला उभ्याउभ्या खाणं, हे माझं दुसऱ्या खेपेचं पहिलं सुख. तोर्तेल्लिनी म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा थोड्या मोठ्या पुरचुंड्या, आत डुकराचं मांस, मोर्तादेल्ला आणि पार्मेजान चीज, आणि त्या तरंगतात मांसाच्या गरम पातळ रश्श्यात. पदार्थ हिवाळ्यातला, पण मागितला तर जूनमध्येही मिळतो. घाम पुसत खाल्ला, पश्चात्ताप नाही. दंतकथा अशी की एका खाणावळवाल्यानं किल्लीच्या भोकातून व्हीनस देवीची बेंबी पाहिली आणि तिच्या आकाराची पुरचुंडी वळली. ताईचं यावर मत: “चावट मेला.”

‘स्पॅगेटी बोलोनेज’ मात्र बोलोन्यात मागू नका. तिथे रागू, म्हणजे खिम्याचा घट्ट रस्सा, असतो तालियातेल्लेवर, आणि रागूत बीफ आणि डुक्कर दोन्ही. ज्यांना यातलं एकही चालत नाही, त्यांनी नीट ध्यानात ठेवा.

शाकाहाऱ्याची खरी फसगत मांसात होत नाही, मांस दिसतं. फसगत होते ती न दिसणाऱ्या तीन गोष्टींत. पहिली, ‘स्त्रुत्तो’, म्हणजे डुकराची चरबी. क्रेशेंतिने नावाच्या फुगलेल्या पुऱ्या मिळतात, हुबेहूब आपल्या पुरीच्या चुलतबहिणी. ताईचा हात त्यांच्याकडे गेलाच होता, एवढ्यात मी वेटरला “स्त्रुत्तो?” विचारलं आणि तो अभिमानानं मान डोलावत “सी, सी!” म्हणाला. पारंपरिक पद्धतीत त्या चरबीत तळतात. फ्रिज्जोने ही कांदा-टोमॅटोची तास तास शिजवलेली भाजीही मुळात स्त्रुत्तोतच. दुसरी गोष्ट ‘ब्रोदो’, म्हणजे रस्सा. पासातेल्ली हा पावाचा चुरा, अंडं आणि चीज यांचा निरागस दिसणारा पदार्थ मांसाच्या रश्श्यात पोहतो. तिसरी, ‘काल्यो’, म्हणजे दूध फाडायचं विरजण. खरं पार्मेजान वासराच्या पोटातल्या विरजणाशिवाय होतच नाही. हे ताईला सांगायचं की नाही यावर मी एक रात्र काढली. सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, “पुढच्या वेळी खाल्ल्यावर सांग.”

तिचं काय भागलं म्हणाल तर तोर्तेल्लोनीवर. हे मोठ्या आकाराचे, आत रिकोत्ता चीज आणि पार्स्ली, वरून लोणी आणि सेजची पानं. ‘बुर्रो ए ओरो’ मागितलं तर लोणी आणि टोमॅटो. अक्षरशः ‘लोणी आणि सोनं’. ताज्या पास्त्यात अंडं असतंच, शंभर ग्रॅम मैद्याला एक असं प्रमाण. अंडंही चालत नसेल तर सुका पास्ता टोमॅटोत मागा आणि चीज नको म्हणा. वाक्य एकच पाठ करा: “सोनो वेजेतारियाना,” पुरुषांनी “वेजेतारियानो”. पण त्यावर विसंबू नका, वरचे तीन शब्द एकेक करून विचारा.

पैशांचं सांगायचं तर तालियातेल्लेच्या थाळीला मी बारा ते पंधरा युरो दिले, दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’, म्हणजे बसण्याचे आणि पावाचे. तो बिलात दिसला म्हणून भांडू नका. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलाशी महाग.

लाटणं

तिसऱ्या दिवशी मी काटलेला सिनेमा होता हॉलिवूडचा एक नामांकित रंगपट. त्याच्या ऐवजी पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकाच्या मागच्या गल्ल्यांत, क्वाद्रिलातेरोच्या बाजारात हिंडत होतो. एका दुकानाच्या काचेआड एक बाई पास्त्याची पोळी लाटत होती. अशा बायकांना ‘स्फोलिना’ म्हणतात आणि त्या पोळीला ‘स्फोलिया’.

लाटणं हातभर नाही, चांगलं दोन हात लांब, दोन्ही बाजूंना मुठी नसलेलं, सरळ दांडकं. लाकडी पाट टेबलाएवढा. अंड्यानं पिवळं झालेलं पीठ ती मधून बाहेर ढकलत होती, आणि पोळी अर्ध्या पाटापेक्षा मोठी झाली की पोळीची कड तिनं पाटावरून पुढे लोंबू दिली. तिथे स्वतःचं पोट टेकवून ती कड जागच्या जागी धरून ठेवली. दोन्ही हात मोकळे, पोटानं पोळी पकडलेली, लाटणं पुढे-मागे. मग पोळी लाटण्याला गुंडाळून सररकन उलटी. चवथ्या-पाचव्या वेळी ती इतकी पातळ झाली की पाटाच्या लाकडाचे रेषे तिच्याखालून दिसायला लागले. तिथले लोक म्हणतात, चांगली स्फोलिया डोळ्यांसमोर धरली तर पलीकडे टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसावं.

ताई काचेला नाक लावून पंचवीस मिनिटं उभी होती. पोळी जरा वाळू दिली, गुंडाळी केली आणि रुंद सुरीनं खटाखट पट्ट्या. दर पट्टी सारखी, मापपट्टीशिवाय. १९७२ साली इथल्या व्यापार मंडळाकडे सोन्याची एक पट्टी जमा केली गेली: शिजलेली तालियातेल्ले बरोबर ८ मिलिमीटर रुंद, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली बुरुजाच्या उंचीचा १२,२७०वा भाग. हे मी ताईला वाचून दाखवलं तेव्हा तिनं काचेवरून नजरसुद्धा हलवली नाही. “आईची पुरणपोळी अशीच दिसायची,” एवढंच म्हणाली. “आतलं पुरण दिसायचं.”

त्या रंगपटाचं नाव आता मला खरंच आठवत नाही.

पाचशे वर्षांच्या गुत्त्यात कडक भाकरी

त्याच बाजारात, विकोलो रानोक्की नावाच्या बोळात, ओस्तेरिया देल सोले आहे, १४६५पासूनची. इथे फक्त प्यायला मिळतं. खायला तुमचं तुम्ही आणायचं, तिथला रिवाजच तसा. लोक बाजारातून चीज, पाव, मोर्तादेल्ला घेतात, लांब लाकडी टेबलांवर कागद उघडतात आणि एक ग्लास वाइन मागवतात. जूनमध्ये विन्योला गावच्या चेरी येतात, काळपट लाल, त्या किलोभर घ्या.

आम्ही कागद उघडला तो सोलापूरचा. ताईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली होती. भाकरीचं प्रवासात भुसकट झालं होतं, दोनच अख्ख्या उरल्या. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, तूप-पेढे-चक्का विमानतळावरच जातील. चटणी, भाकरी, मेतकूट यांना कुणी हात लावला नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोन म्हाताऱ्यांनी चौकशी केली. ताईनं भाकरीच्या तुकड्यावर चटणी घालून दिली. एकाला ठसका लागला, दुसऱ्यानं चटणीचं बोट चाटून पुन्हा हात पुढे केला. बदल्यात आम्हाला वाटीभर ऑलिव्ह मिळाले. ताईनं वाइन घेतली नाही, लेमोनेड घेतलं. सोलापुरात सांगताना ती अजून ‘उडपी हॉटेल’ असंच सांगते.

कार्बन

चिनेतेकाच्या आवारात, दिग्दर्शक पिअर पाओलो पाझोलिनीच्या नावाच्या छोट्या चौकात, महोत्सवातल्या काही रात्री जुना कार्बन प्रोजेक्टर लावतात. पाझोलिनी १९२२ साली बोलोन्यातच जन्मला. प्रोजेक्टर चौकाच्या मधोमध, उघड्यावर. खुर्ची त्याच्या जवळची पकडा, पडद्याच्या जवळची नको.

आत दिवा नसतोच. कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक जवळ आणायच्या आणि मधल्या फटीत विजेची धग जिवंत ठेवायची. कांड्या जळून आखूड होतात, तशा त्या सरकवत राहायच्या. वरच्या धुराड्यातून खरोखर धूर निघतो. उजेड सगळीकडे सारखा नसतो, मधूनच श्वास घेतल्यासारखा जरा मंदावतो आणि परत चढतो. पांढरा, पण ट्यूबलाइटचा नाही, दुपारच्या उन्हाचा.

मी चालू होण्याची वाट बघत होते. माझ्या शेजारी ताई, जिला जुन्या सिनेमांत झोप येते, ती उठून प्रोजेक्टरपाशी गेली. आमच्या आजोळी, बार्शीजवळ, जत्रेत सिनेमाचा तंबू यायचा. ताई तंबूमागे उकिरड्यावर टाकलेल्या कांड्यांचे उरलेले तुकडे वेचायची. वरून तांब्याचा पातळ मुलामा, आत काळं. त्यांनी फरशीवर रेघा ओढता येत. मला यातलं काही आठवत नाही, मी लहान होते. तिनं यंत्र चालवणाऱ्या माणसाला खुणेनं काहीतरी सांगितलं आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. ते आता सोलापुरात देवघराच्या फळीवर आहे. मी विरोध केला नाही.

पियात्सातली रात्र

पियात्सा माज्जोरेत रात्री भला मोठा पडदा असतो आणि तिथले खेळ सगळ्यांना फुकट. महोत्सव संपल्यावरही ऑगस्टपर्यंत हे उघड्यावरचे सिनेमे चालू राहतात, तेव्हा पास न काढता निव्वळ सुट्टीला जाणाऱ्यालाही हे सुख आहे. जूनमध्ये उजेड नऊनंतरही रेंगाळतो, त्यामुळे सिनेमा पावणेदहाच्या आसपास सुरू होतो. तासभर आधी जा. खुर्ची नाही मिळाली तर सान पेत्रोनियोच्या पायऱ्या आहेत. या चर्चचा दर्शनी भाग खाली संगमरवरी आणि वर नुसत्या विटांचा, शतकानुशतकं अपुरा राहिलाय. उशी किंवा चौघडी घडी केलेली शाल बरोबर ठेवा. रात्रीचं जेवण त्याआधी साडेसातला उरका, किंवा सरळ खोलीवर खिचडी लावा. खोलीला स्वयंपाकघर घ्या म्हटलं ते यासाठी.

२७ जून २०२५च्या रात्री तिथे ‘शोले’ लागला. दुरुस्त केलेला, न कापलेला, मूळ शेवटासह. ठाकूर गब्बरला मारतो तो शेवट १९७५च्या आणीबाणीतल्या सेन्सॉरनं बदलायला लावला होता. प्रतीवरचं काम या शहरातल्याच प्रयोगशाळेचं. ताईनं तो बाराव्या वर्षी सोलापुरात पाहिला होता आणि नंतर टीव्हीवर किती वेळा याची गणती नाही. आमच्या आसपास इटालियन कुटुंबं, विद्यार्थी, आईस्क्रीम खाणारी पोरं. कालिया पडद्यावर आला तेव्हा ताईनं शेजारच्या इटालियन बाईला कोपरानं ढोसलं आणि मराठीत सांगितलं, “विजू खोटे. आमचे.” अहमदच्या वेळी पुन्हा कोपर: “सचिन. हाही.” बाई दोन्ही वेळेला गंभीरपणे “आह” म्हणाली. सिनेमा संपला तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. ताईला एका मिनिटाचीही डुलकी लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन्ही सिनेमे मी काटले, तेही न सांगता.

एक दिवस फेर्रारा

महोत्सवाच्या मधला एक पूर्ण दिवस बाहेर काढा. दिग्दर्शक फेलिनीच्या चाहत्यांनी रिमिनीला जावं, तिथे त्याचं संग्रहालय आहे. आम्ही गेलो फेर्राराला. साध्या गाडीनं अर्धा-पाऊण तास. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. दिग्दर्शक मिकेलांजेलो आंतोनियोनी १९१२ साली इथे जन्मला आणि २०२४पासून त्याच्या कागदपत्रांचं, चित्रांचं एक दालन इथे आहे. सोमवारी जाऊ नका, इटलीतली बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद. तिथे मी दोन तास होते. ताई बाहेर बाकावर, सपाट लांबलचक रस्त्यावरून सायकलींवर जाणाऱ्या आज्या बघत. बाहेर आल्यावर मला वाटलं, हिनंच आंतोनियोनी जास्त पाहिला.

मग कापेल्लाच्ची दी झुक्का. फेर्राराचा खास पदार्थ, लाल भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता. वरून मांसाचा रागू घालतात, म्हणून ‘बुर्रो ए साल्विया’, लोणी आणि सेज, असं सांगा. आत भोपळा, पार्मेजान, जायफळ. ताईनं पहिला घास घेतला, चावणं थांबवलं.

“घारग्याचं आहे हे.”

“गूळ नाहीये.”

“जायफळ आहे. कुणीतरी गूळ विसरलंय.”

तिनं सगळी थाळी संपवली आणि नंतर माझीही अर्धी.

परत आल्या संध्याकाळी पियात्साच्या कडेला, पोदेस्ताच्या वाड्याखालच्या कमानीत थांबलो. तिथे चार कोपऱ्यांत चार खांब आहेत. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या तिरक्या कोपऱ्यातल्या माणसाला ते कानात बोलल्यासारखं ऐकू येतं, आवाज कमानीच्या पाठीवरून घसरत जातो. गर्दी कमी असताना, जेवणाच्या वेळी जा, नाहीतर नंबर लागत नाही. मी ताईला एका कोपऱ्यात उभं केलं, दुसऱ्यात जाऊन भिंतीला कान लावला. मध्ये माणसं जात-येत होती, एक कुत्रा भुंकला. थोडा वेळ काहीच नाही. मग अगदी कानाशी, ताईचा आवाज:

“उद्या नऊचा सोड गं. चेरीवाला लवकर संपतो.”